वावर वाहतो तो, पैसे येतात आम्हाला

२०२२ च्या जुलैत हिंगणघाट तालुक्यात पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. वणा नदी फुगली, तिला मिळणारे नाले फुगले, आमच्या सहा एकरांतलं सोयाबीन आठवडाभर पाण्याखाली राहिलं. पाणी उतरलं तेव्हा ते पिवळं पडून सडलेलं होतं. कपाशी उभी दिसत होती, पण मुळं गेली होती. सरकारनं त्या वर्षी कोरडवाहू पिकाच्या मदतीचा दर हेक्टरी ६,८०० वरून १३,६०० रुपये केला आणि दोन हेक्टरांची मर्यादा तीनवर नेली. आमचं वावर २.४ हेक्टर. आईच्या खात्यावर ३२,६४० रुपये जमा झाले.

त्या वर्षी त्या वावरात आईनं एक दाणा पेरला नव्हता. वडील गेल्यापासून आमचं वावर मक्त्यानं, म्हणजे ठरलेल्या भाड्यानं, दिलेलं आहे. गावातलाच एक जण ते वाहतो, म्हणजे कसतो, त्याच्या स्वतःच्या नावावर एक गुंठाही नाही. पाडव्याला एकरी १०,००० रुपये ठरले होते, निम्मे त्यानं आगाऊ मोजले होते. बियाणं त्याचं, खत त्याचं, दुबार पेरणी त्याची, निंदणाच्या बायांची मजुरी त्यानं दिलेली. सडलेलं सोयाबीनही त्याचंच होतं. मदत जमा झाली त्या संध्याकाळी तो ओसरीवर येऊन बसला, बराच वेळ पावसापाण्याचं बोलला, आणि उठता उठता म्हणाला, "काकू, पैसे आले म्हणतात जी सगळ्यायचे."

आईनं दुसऱ्या दिवशी सगळी रक्कम काढून त्याच्या हातात दिली. हे मी आईच्या कौतुकासाठी लिहीत नाही. त्या माणसाला त्याच्या बुडालेल्या पिकाची भरपाई मिळाली ती माझ्या आईच्या मर्जीनं मिळाली, हे मला खुपतं. आमच्याच गल्लीतल्या दुसऱ्या एका वावराचा मालक नागपूरला राहतो. त्यानं मदतही ठेवून घेतली आणि दिवाळीला उरलेला मक्ताही घेतला. त्यानं कायदा मोडला का? अजिबात नाही. शासन निर्णयाप्रमाणे पैसे त्याचेच होते.

सरकारदरबारी शेतकरी म्हणजे खातेदार, ज्याचं नाव सातबाऱ्यावर आहे तो. आमच्याकडे गावात 'कास्तकार' म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो वावरात राबणारा माणूस. या दोन शब्दांमधलं अंतर पूर्वी कमी होतं. आता पोरं पुण्याला, बुटीबोरीला गेली, म्हातारी माणसं मागे राहिली, आणि वावरं मक्त्यानं किंवा बटईनं, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, जायला लागली. देशपातळीवरच्या २०१९ च्या नमुना पाहणीत वाहितीखालच्या जमिनीपैकी सुमारे १३ टक्के जमीन दुसऱ्याकडून घेतलेली निघाली. विचारायला आलेल्या सरकारी माणसाला 'मी मक्त्यानं दिलंय' असं कोण मालक खुशीनं सांगतो? खरा आकडा मोठा असणार असं मला गावाकडे पाहून वाटतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. जमीनमालकाचं घर चालावं म्हणून सरकारला काही द्यायचं असेल तर ते जरूर द्यावं. पण जे पैसे पेरणीच्या नावानं, पीक बुडाल्याच्या नावानं, माल विकण्याच्या नावानं तिजोरीतून निघतात, ते त्या हंगामात ज्यानं पेरलं त्याच्या खात्यावर गेले पाहिजेत.

पीएम-किसानची गोष्ट घ्या. २०१९ मध्ये ती सुरू झाली, आधी दोन हेक्टरांपर्यंतच्यांना आणि त्याच वर्षी सगळ्या खातेदारांना. वर्षाला ६,००० रुपये, तीन हप्त्यांत. २०२३ च्या अर्थसंकल्पात राज्यानं नमो शेतकरी महासन्मान निधी आणून त्यात आणखी ६,००० घातले. आयकर भरणारे, डॉक्टर-वकील, १०,००० च्या वर पेन्शन घेणारे यातून वगळलेले आहेत. म्हणजे कोणाला द्यायचं नाही याचा विचार बराच झाला. पण जो जमीन वाहतो आणि जमिनीचा मालक नाही, त्याचा विचार झाला नाही. माझ्या आईला हे १२,००० लागतात, तिच्या औषधांना जातात, मी ते नाकारणार नाही. एकट्या म्हातारीला सरकारनं वर्षाला १२,००० दिले तर त्यात कोणाचं पोट दुखायचं कारण नाही. फक्त त्याला शेतीची मदत म्हणू नका, कारण त्यातून वावरात एक बॅग खत पडत नाही.

खरा प्रश्न पुढचा आहे. पीककर्ज सातबाऱ्यावर मिळतं. वेळेत फेडलं तर डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे ३ लाखांपर्यंत व्याजच लागत नाही. मालकानं वावर मक्त्यानं दिलं असलं तरी कर्ज तोच काढू शकतो, आणि काढतात. वाहणारा मात्र कृषी केंद्रातून उधारीवर बियाणं उचलतो आणि सोयाबीन निघालं की उधारीच्या भावानं चुकते करतो, नाहीतर सावकाराकडे जातो. मग कर्जमाफी होते. २०१७ ची दीड लाखांपर्यंतची झाली, २०१९ च्या शेवटी जाहीर झालेली दोन लाखांपर्यंतची झाली. माफी बँकेतल्या कर्जखात्याला मिळते, कर्जखातं सातबाऱ्याला मिळतं. कृषी केंद्राच्या वहीतली उधारी आजपर्यंत कोणत्याही सरकारनं माफ केलेली नाही.

इथे मला वडिलांची आठवण येते. २००८ ची केंद्राची कर्जमाफी आली तेव्हा मर्यादा दोन हेक्टरांची होती, म्हणजे पाच एकरांच्या आत. आमचं सहा एकर, सगळं कोरडवाहू, विहीर नाही. एका एकरानं वडील 'इतर शेतकरी' ठरले. २५ टक्के किंवा २०,००० यांतली जी मोठी ती सूट, आणि तीही बाकीचं आधी भरल्यावर. भरायला पैसे असते तर थकबाकी कशाला झाली असती? सबंध विदर्भात तेव्हा हीच ओरड होती. कोरडवाहू सहा एकर आणि कॅनॉलच्या पाण्यावरचे दोन एकर एका फुटपट्टीनं कसे मोजता, असं आपण विचारत होतो. ती तक्रार खरी होती. आज तीच तक्रार आपल्या गावातला वाहणारा करू शकतो, आणि आज फुटपट्टी आपल्या हातात आहे.

हमीभावाचं पाहा. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये आणि सोयाबीनचा ५,३२८ रुपये क्विंटल. त्या भावानं विकायचं तर सातबारा पाहिजे, त्यावर पीकपेरा, म्हणजे पेरलेल्या पिकाची नोंद, पाहिजे. ही नोंद करायची ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून मोबाईलवर आली, चांगली सोय आहे. पण ओटीपी येतो आईच्या मोबाईलवर. आमचा वाहणारा वावरात उभा राहून आईला फोन करतो, आई चष्मा शोधते, आकडे वाचून दाखवते, तोवर मुदत संपलेली असते, पुन्हा पहिल्यापासून. शेवटी पीक नोंदलं जातं आईच्या नावावर, कापूस विकला जातो आईच्या नावावर, पैसे पडतात आईच्या खात्यावर. ते काढून त्याला द्यायला तिला बँकेच्या दोन खेपा होतात. जिथे मालकाशी एवढा सलोखा नसतो तिथे वाहणारा गावात आलेल्या व्यापाऱ्याला माल घालतो, हमीभावाच्या कितीतरी खाली. सातबारा वापरू देण्याचे वेगळे पैसे घेणारे मालकही मी पाहिले आहेत.

पूर्वेकडे धानपट्ट्यात हीच गोष्ट वेगळ्या रूपात दिसते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या धानाला आधी क्विंटलमागे बोनस मिळायचा. व्यापाऱ्यांचा धान शेतकऱ्यांच्या नावावर खपवला जातो ही तक्रार होती, म्हणून तो हेक्टरी केला, २०२३-२४ साठी हेक्टरी २०,००० रुपये, दोन हेक्टरांच्या मर्यादेत. व्यापारी काही अंशी आवरला असेल. पण क्विंटल निदान चिखलात रोवणी केलेल्या माणसाच्या घामाशी जोडलेलं होतं. हेक्टर फक्त मालकीशी जोडलेलं आहे.

पाण्याच्या नावानं मिळणारी मदत तर ज्याच्याकडे पाणी आहे त्यालाच मिळते. २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना वीजबिल नाही. ज्याच्या वावरात विहीरच नाही त्याला या योजनेतून काय मिळालं? ठिबकला ७५ ते ८० टक्के अनुदान आहे, पण ठिबकला आधी विहीर लागते आणि उरलेल्या हिश्श्याचे पैसे लागतात. अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांसाठीच्या विहिरीच्या योजनांतही किमान एक एकर नावावर असण्याची अट आहे. हे सगळं जमिनीत कायमचं रुतणारं काम आहे, ते मालकाच्या नावानं होणार हे मी समजू शकतो, त्यावर मी भांडत नाही. मात्र वैदर्भीय कोरडवाहू माणसानं हे लक्षात ठेवावं की सिंचनाचा अनुशेष दांडेकर समितीनं १९८४ मध्येच मोजून दाखवला होता, आणि जिथे सिंचन कमी तिथे सिंचनावरची सवलतही कमीच पोचणार.

वाहणाऱ्यापर्यंत खात्रीनं पोचणारी एक सवलत आहे आणि तिच्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही. युरियाची ४५ किलोची बॅग २६६ रुपये ५० पैशांना मिळते. तिच्या खऱ्या किमतीतला बराच मोठा भाग सरकार भरतं. दुकानात आधार क्रमांक सांगायचा, मशीनवर अंगठा ठेवायचा, बॅग उचलायची. सातबारा कोणी मागत नाही. या सवलतीचे दोष मला माहीत आहेत, जास्त खत ओतणाऱ्याला जास्त सवलत मिळते आणि बागायतदार कोरडवाहूवाल्यापेक्षा कितीतरी जास्त ओततो. तरीही आमच्या वावरात राबणाऱ्या माणसाला सरकार म्हणून जे काही लाभतं ते त्या पोत्यातून. कारण ती सवलत मालाच्या किमतीत आहे, कागदात नाही.

आता हेही दार अरुंद होईल अशी मला धास्ती आहे. १५ एप्रिल २०२५ पासून राज्याच्या कृषी योजनांना शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला. हा क्रमांक जमिनीच्या नोंदींवर उभा आहे. खातेदाराची हेलपाट्यांतून सुटका होईल हे मान्य. आईचा वारस फेरफार व्हायला वर्षभरावर काळ गेला होता, तोवर तिचा सन्मान निधी अडकला होता, त्यामुळे एका क्रमांकात सगळं येतंय याचं महत्त्व मला कळतं. पण ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही त्याचा क्रमांक कशावरून तयार होणार? आजवर तो तलाठ्याला, कृषी सहायकाला दोन शब्द सांगून बघू शकत होता. संगणकाला सांगता येत नाही. जी चूक इतकी वर्षं सवयीची होती ती आता यंत्रात पक्की बसते आहे.

सगळ्यात जास्त मन विटतं ते मरणाच्या वेळी. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या अपघात योजनेत २ लाख मिळतात, खातेदाराला आणि त्याच्या कुटुंबातल्या एकाला. साप काही सातबारा पाहून चावत नाही. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसं गेली, त्यांत दुसऱ्याच्या वावरात पंप पाठीवर घेऊन गेलेले मजूर बरेच होते. आणि आत्महत्या. मदतीसाठी प्रकरण 'पात्र' ठरायचं तर घरात कोणाच्या तरी नावावर जमीन हवी, कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं हवं. ज्यानं दुसऱ्याचं वावर वाहिलं आणि कृषी केंद्राचं, नातेवाईकाचं, बिनपरवान्याच्या सावकाराचं देणं डोक्यावर घेऊन जीव दिला, तो मेल्यावरही शेतकरी ठरत नाही. त्याची बायको मजूर होती आणि मजूर राहते.

यावर जे मला सांगितलं जातं त्यातला एक मुद्दा खोटा नाही. "कागदावर आणलं तर कूळ लागंल." म्हणजे वाहणारा कूळ ठरून वावरावर हक्क सांगेल. माझे काका हे दरवर्षी पाडव्याला बजावतात. विदर्भासाठी कूळकायदा वेगळा झाला, १९५८ चा, मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन (विदर्भ प्रदेश) अधिनियम. कसणाऱ्याला जमीन मिळावी हा त्याचा हेतू होता आणि अनेकांना ती मिळाली. त्या काळात ज्यांची वावरं गेली त्यांच्या घरात ती भीती अजून जिवंत आहे. तिचा परिणाम असा झाला की कुळाच्या रक्षणासाठी झालेल्या कायद्यामुळे आजचं कूळ कागदावरून नाहीसं झालं. मालक दोन-तीन वर्षांनी माणूस बदलतो, म्हणजे कोणाची वहिवाट तयार होऊ नये. आणि ज्याला पुढच्या वर्षी हे वावर आपल्याकडे असेल की नाही ठाऊक नाही तो त्यात शेणखत कशाला टाकेल, बांध कशाला घालेल? वावर मरतं, माणूसही मरतो.

म्हणून मी मालकांना शिव्या देणार नाही. आम्हीच मालक आहोत. आमच्या गावात वावर मक्त्यानं देणाऱ्यांत विधवा आहेत, लकवा झालेला म्हातारा आहे, ज्याचा एकुलता एक पोरगा रायपूरला कंपनीत आहे असा बाप आहे. हे जमीनदार नाहीत. यांची भीती काढल्याशिवाय वाहणारा कागदावर येणार नाही. नीती आयोगानं २०१६ मध्ये टी. हक समितीचा नमुना भाडेपट्टा कायदा पुढे ठेवला, त्यात हाच विचार होता: मालकी पक्की, मुदत लिहिलेली, आणि त्या मुदतीत कर्ज, विमा, मदत वाहणाऱ्याला. आंध्र प्रदेशानं २०१९ मध्ये पीक वाहणाऱ्याला ११ महिन्यांचं कार्ड देणारा कायदा केला. अडकला तो मालकाच्या सहीवर. सही मागायला गेलं की वावरच हातचं जायची भीती. त्याआधी २०१८ मध्ये आपल्या शेजारी, पैनगंगेपलीकडे, तेलंगणानं एकरी पैसे द्यायला सुरुवात केली, पण फक्त पट्टादाराला, म्हणजे जमीन नावावर असलेल्याला, जमिनीच्या कमाल मर्यादेशिवाय. एकाच नदीच्या दोन काठांवर वाहणाऱ्याची गत सारखीच राहिली.

मला वाटतं सही मालकाकडे मागूच नये, गावाला विचारावं. कोणाचं वावर कोण वाहतो हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पेरणी झाली की जुलैच्या ग्रामसभेत गटनिहाय यादी वाचावी, ज्याला हरकत असेल त्यानं तिथे उभं राहून सांगावं, आणि त्या यादीवरून त्या हंगामापुरता दाखला निघावा. दाखल्यावर ठळक अक्षरांत लिहावं की यानं मालकी किंवा कुळाचा कोणताही हक्क तयार होत नाही, आणि हे कायद्यातही लिहावं, नुसत्या शासन निर्णयात नको. ई-पीक पाहणीत मालकाबरोबर प्रत्यक्ष पेरणाऱ्याचा रकाना असावा, ओटीपी त्याच्या मोबाईलवर जावा. बटई अर्धीअर्धी असेल तर मदतही अर्धीअर्धी करावी. नुकसानभरपाई, पीकविमा आणि हमीभावाची खरेदी या तीन गोष्टी त्या दाखल्यावर चालाव्यात. बाकीचं नंतर बघू.

यात बोगस नावं घुसतील, असं म्हणतात. घुसतील काही. पण एक रुपयात पीकविमा होता तेव्हा जमिनीचा कागद असूनही बोगस अर्ज निघालेच, शेतीच नसलेल्या जमिनीवर विमे उतरवले गेले. लबाडी कागदानं थांबत नाही. चारचौघांत नाव वाचलं जाण्याची लाज तिला बरीच आवर घालते.

दुसरं म्हणतात, मदत वाहणाऱ्याला गेली की मालक मक्ता वाढवेल. थोडं खरं आहे, आणि म्हणूनच मी सन्मान निधीत हात घालायचं म्हणत नाही. ठरलेली रक्कम असली की ती मक्त्यात मुरते. पण मक्ता ठरतो पाडव्याला आणि पाऊस येतो मृगाला. कोणत्या वर्षी वणा गावात शिरेल हे पाडव्याला कोणाला माहीत असतं? न झालेल्या नुकसानीची न आलेली भरपाई मक्त्यात धरून मालक किती वाढवणार?

यंदा आम्ही भाडेकरार नोंदवायचं ठरवलं आहे. पीकविम्याच्या नियमांत कूळ आणि वाटेकरीही बसतात, त्यासाठी नोंदणीकृत करार लागतो. काका आठ दिवस बोलत नव्हते. स्टॅम्पपेपर, नोंदणीचा खर्च आणि दोन दिवसांची मजुरी बुडवून त्या माणसानं तालुक्याला यायचं, हे सगळं एका हंगामाच्या कागदासाठी. आईनं अंगठा दिला नाही, सही केली. वडील गेल्यावर ती सही शिकली आहे. खरिपाच्या विम्याची मुदत ३१ जुलैला संपते. त्याआधी हा करार घेऊन तो आणि मी सेतू केंद्रात जाणार आहोत. अर्जात शेतकरी ओळख क्रमांकाचा रकाना येईल, तिथे काय भरायचं हे तिथल्या पोराला विचारायचं आहे.